'डिसहार्टन'मधलं 'हार्ट' म्हणजे हृदय नव्हे, धीर

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "डिसहार्टन या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात 'निराश करणे' दिलंय. डिस म्हणजे नाही, हार्ट म्हणजे हृदय, मग शेवटचं एन कशाला? आणि डिसकरेज असताना हा वेगळा शब्द का लागतो? मी 'द रिझल्ट डिसहार्टन्ड मी टू अप्लाय अगेन' असं लिहिलं, तर सरांनी त्यावर लाल रेघ मारली, पण कारण सांगितलं नाही."

कारण न सांगता मारलेली लाल रेघ मला कधीच पटलेली नाही. अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, त्यातली निम्मी भाषांतराचं कामही केलं. वाक्य का चुकलं हे कळलं नाही, तर मूल तो शब्द वापरायचंच सोडून देतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अर्थ. डिसहार्टन म्हणजे एखाद्याचा धीर, उमेद, हुरूप घालवणं. 'निराश करणे' अगदीच चूक नाही, पण थोडं बाजूला पडतं, कारण 'निराश' आपण डिसअपॉइंटलाही वापरतो. या दोन्हींतला फरक तुमच्याच उदाहरणावरून बघा. पूर्वपरीक्षा दोन गुणांनी हुकली, त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही, आईनं दोनदा विचारलं तरी ताटावर बसवेना. हे डिसअपॉइंटेड. हवं होतं ते मिळालं नाही, एवढंच. पण महिना झाला तरी पुस्तकाला हात लागत नाही, 'आता कशाला' असं वाटतं, टेबलावरची टाचणं तशीच पडून आहेत, तर ते डिसहार्टन्ड. पहिल्यात अपेक्षा मोडली, दुसऱ्यात पुन्हा उभं राहायची ताकद गेली. अपेक्षाभंग होऊनही माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासाला बसू शकतो. मन खचलेल्या माणसाला तेच जमत नाही.

आता एन. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यांत आवडला, कारण डिस आणि हार्ट सगळे फोडतात आणि एन कोपऱ्यात तसाच राहतो. हा एन म्हणजे क्रियापद बनवणारा प्रत्यय. डार्क म्हणजे काळोखा, डार्कन म्हणजे काळोखा करणं किंवा होणं. शार्पपासून शार्पन, शॉर्टपासून शॉर्टन. नामालाही तो लागतो: थ्रेटपासून थ्रेटन, फ्राइटपासून फ्राइटन. तसंच हार्टपासून हार्टन. आपल्याकडे सुखापासून सुखावणं, मंदपासून मंदावणं, खोलपासून खोलावणं होतं, तेच काम इंग्रजीत हा एन करतो.

पण तो कुठल्याही शब्दाला चिकटत नाही, आणि हा नियम वर्गात सहसा सांगितला जात नाही. मूळ शब्दाचा शेवट ट, ड, क, प, फ, स, थ अशा, हवा अडवून किंवा घासून सोडणाऱ्या व्यंजनानं व्हावा लागतो. म्हणून रेडचं रेडन होतं, पण ग्रीनचं ग्रीनन होत नाही. थिकचं थिकन होतं, पण थिनचं थिनन करायला कुणी जात नाही, थिन हेच क्रियापद म्हणून वापरतात. क्विकन आहे, स्लोअन नाही. मग लाँग आणि स्ट्राँगचं काय? त्यांचा शेवट अनुनासिक आहे, एन थेट लागेना. म्हणून भाषेनं त्यांची नामं घेतली, लेंग्थ आणि स्ट्रेंग्थ. ती 'थ'नं संपतात, आणि त्यांना एन लागून लेंग्थन, स्ट्रेंग्थन झालं. लाँगन का नाही, असा प्रश्न मुलांना पडतो, त्याचं उत्तर हे. हार्टचा शेवट 'ट'नं होतो, त्यामुळे तिथे काही अडचण आलीच नाही.

उच्चाराचंही इथेच सांगून टाकते. ई-ए बघून पुष्कळ जण 'हिअर्टन' म्हणतात. हार्टमध्ये त्या दोन अक्षरांचा उच्चार 'आ' आहे, तोच इथे. जोर 'हार्'वर. शेवटच्या 'टन'मध्ये स्वर जवळजवळ नसतोच, 'हार्ट्न' म्हटलं की जमलं. सॉफन, फासन, हेसन म्हणताना मधला 'ट' गळतो (सॉफ्ट, फास्ट, हेस्ट हे मूळ शब्द), पण हार्टन, फ्राइटन, ब्राइटनमध्ये तो शाबूत राहतो.

हार्टन हा शब्द आज कमी दिसत असला तरी जिवंत आहे. 'हार्टनिंग न्यूज' म्हणजे उभारी देणारी बातमी. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्टन वापरात आलं, आणि त्याच शतकाच्या अखेरीस त्याला डिस लागलं. त्यामुळे शब्द फोडताना आधी डिस बाजूला काढायचं, मग उरलेल्या हार्टनचे हार्ट आणि एन करायचे. 'डिसहार्ट अधिक एन' असं फोडू नका, आज डिसहार्ट असा शब्द चालत नाही. परीक्षेत हा क्रम विचारतात.

डिस हा उपसर्ग लॅटिन, फ्रेंचमार्गे आलेला. मूळ अर्थ 'वेगळं, दोन बाजूंना'. आपला 'वि' असाच वागतो: योग आणि वियोग, घटना आणि विघटन. इंग्रजीत डिसची तीन कामं डोळ्यांपुढे ठेवा. डिसकनेक्टमध्ये तो झालेली क्रिया उलटवतो. डिसऑनेस्टमध्ये नुसता नकार देतो. डिसआर्ममध्ये काढून घेतो, म्हणजे शस्त्रं काढून घेणं. डिसहार्टनमध्ये पहिलं काम आहे: हार्टन म्हणजे धीर देणं, डिसहार्टन म्हणजे दिलेला किंवा असलेला धीर उतरवणं. 'डिस म्हणजे नाही' एवढंच पाठ केलं, तर 'हृदय नाही' असा अर्थ निघतो आणि गाडी भलत्याच वाटेला लागते. हृदय नसलेला तो हार्टलेस, आजच्या इंग्रजीत निर्दय. डिसहार्टन्ड माणसात निर्दयपणाचा लवलेशही नसतो.

एक गोष्ट लक्षात आली का? डिस परदेशी, हार्ट आणि एन अस्सल इंग्रजी मातीतले. आपल्याकडे 'बेभान', 'बेताल' हे शब्द असेच बनले. फारसी 'बे' आपण 'भान'सारख्या घरच्या शब्दांना इतका सहज लावतो, की सांधा दिसत नाही. इंग्रजीनंही डिसलाइक, डिसओन, डिसबिलीव्ह असेच जोडून घेतले.

आता हार्ट, म्हणजे खरी मेख. इथे हार्ट म्हणजे छातीत धडधडणारा अवयव नाही, आणि प्रेमाचं ठिकाणही नाही. इंग्रजीत हार्टचा एक जुना अर्थ धैर्य असा आहे. 'टेक हार्ट' म्हणजे धीर धर. 'लूज हार्ट' म्हणजे धीर सोडणं. आणि 'लूज वन्स हार्ट टू समवन' म्हणजे प्रेमात पडणं! मध्ये एक सर्वनाम आलं आणि अर्थ रणांगणावरून थेट बागेत गेला. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, कारण दरवर्षी कुणीतरी 'सैनिकांनी हृदय हरवले' असं भाषांतर करतंच.

रणांगण म्हटलं ते उगीच नाही. हा शब्द सैन्याच्या संदर्भात फार शोभतो. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या १५९९च्या सुमाराच्या नाटकात तो असाच आला आहे. अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईची आदली रात्र, १४१५ साल. राजा वेश पालटून आपल्याच शिपायांमध्ये बसला आहे. तो त्यांना सांगतो की राजाही माणूसच, भीती त्यालाही वाटते, पण तिची सावलीसुद्धा त्याच्या तोंडावर कुणाला दिसता कामा नये, नाहीतर तो आपलं सैन्य 'डिसहार्टन' करील. इथे 'निराश करील' म्हणून बघा, वाक्य बसतच नाही. 'सैन्याचा धीर खचेल' म्हटलं की लगेच उभं राहतं.

डिसकरेजचं गुपितही इथेच आहे. करेज हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या पोटात लॅटिन 'कॉर' आहे, म्हणजे हृदय. म्हणजे डिसकरेज आणि डिसहार्टन यांची मूळ घडण एकच: डिस अधिक हृदय. एकाच अर्थाची दोन भावंडं, एक फ्रेंच घरात वाढलेलं, दुसरं इंग्रजी घरात. आणि खुद्द कॉर आणि हार्टसुद्धा सख्खेच. लॅटिनमध्ये जिथे 'क', तिथे इंग्रजीत 'ह', आणि संस्कृतात बहुधा 'श': केंटुम, हंड्रेड, शत. कॅनिस, हाउंड, श्वान. कॉर्नू, हॉर्न, शृंग. याच ओळीत कॉर आणि हार्ट ठेवले, तर संस्कृतात 'श'नं सुरू होणारा शब्द हवा. आपलं 'हृद्' याच कुळातलं, पण त्याचा 'ह' नियमात बसत नाही, हे कोडं भाषाशास्त्रज्ञांना जुनंच आहे. नियमात बसणारा शब्द मात्र आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: श्रद्धा. 'श्रत्' आणि 'धा', ठेवणं. बहुतेक अभ्यासक याचा मूळ अर्थ 'हृदय ठेवणं' असा लावतात, आणि लॅटिनमधलं 'क्रेडो', म्हणजे माझा विश्वास आहे, याचंच भावंड मानतात. त्यातूनच इंग्रजी क्रेडिट आलं. किराणा दुकानदार वहीत उधारी लिहून घेतो तेव्हा तो आपल्यावर श्रद्धाच ठेवत असतो, शब्दाच्या अगदी मूळ अर्थानं. विषयाला हे थोडं सोडून झालं, पण मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

घडण एक असली तरी वापर एक नाही, आणि तुमची लाल रेघ इथे आहे. डिसकरेजला दोन अर्थ आले. एक, हुरूप घालवणं, जो डिसहार्टनलाही आहे. दुसरा, एखादी गोष्ट करण्यापासून परावृत्त करणं, किंवा ती होऊ नये असं बघणं. हा दुसरा अर्थ डिसहार्टनला नाही. 'स्मोकिंग इज डिसकरेज्ड' म्हणता येतं, कारण इथे कुणाचं मन खचवायचं नसून कृतीला आवर घालायचा आहे. 'स्मोकिंग इज डिसहार्टन्ड' कधीच नाही, धूम्रपानाला मन नसतं. डिसहार्टनचं कर्म माणूस, संघ, सैन्य, ज्याला धीर असू शकतो असंच हवं. आणि त्याच्यापुढे 'अमुक करण्यापासून' असा शेपटीचा भाग लागत नाही. 'डिसकरेज समवन फ्रॉम डूइंग समथिंग' बरोबर, तीच रचना डिसहार्टनला बसत नाही. शिवाय तुम्ही 'टू अप्लाय' लिहिलंत, तो 'टू' एन्करेजबरोबर शोभतो. एन्करेज टू डू, डिसकरेज फ्रॉम डूइंग. उलटा शब्द आला की शब्दयोगीही बदलतो.

या दुसऱ्या अर्थाकडे दुर्लक्ष झालं की मराठीत काय होतं, ते एकदा माझ्या टेबलावर आलं होतं. एका उद्यानाच्या सूचनाफलकाचं भाषांतर तपासायचं होतं. इंग्रजीत होतं, 'व्हिजिटर्स आर डिसकरेज्ड फ्रॉम फीडिंग बर्ड्स'. मराठीत केलेलं होतं, 'पर्यटकांना पक्ष्यांना खाऊ घालण्यास नाउमेद केले जाते'. शब्दकोशात बघून प्रामाणिकपणे केलेलं काम होतं, करणाऱ्याची मेहनत दिसत होती. पण आपल्याकडे फलक असा बोलत नाही. मी लिहिलं: 'कृपया पक्ष्यांना खाऊ घालू नये.' मूळ क्रियापद मराठी वाक्यातून पूर्ण नाहीसं झालं, आणि अर्थ जसाच्या तसा राहिला.

मग डिसहार्टनला मराठीत काय म्हणायचं? घडणीनं सर्वांत जवळचा 'नाउमेद करणे'. 'ना' आणि 'उमेद' दोन्ही फारसी, आणि तुकडे अगदी डिस आणि हार्टसारखेच पडतात. संस्कृत घडणीचा 'हतोत्साह' आहे, ज्याचा उत्साह मारला गेला असा. तो लेखी मराठीत चालतो, पण चहा पिताना कुणी म्हणत नाही. बोलण्यात आपण म्हणतो, मन खचलं, धीर सुटला, अवसान गळालं, हातपाय गाळले, हुरूप गेला. यातलं 'खचणं' मला सर्वांत नेमकं वाटतं. पावसात नदीकाठची दरड खचते, घाटातला रस्ता खचतो, जुनी भिंत खचते. वरून सगळं जागच्या जागी दिसतं, आतली माती निघून गेलेली असते. डिसहार्टन्ड माणूस तसाच दिसतो. कामावर येतो, हसतो, बोलतो.

ही सगळी मराठी क्रियापदं एकदा नीट ऐका. मन खचतं, धीर सुटतो, अवसान गळतं. मनच कर्ता, आणि क्रिया आपोआप घडल्यासारखी. इंग्रजीत मात्र घटना कर्ता होते आणि माणूस कर्म: 'द ड्रॉट डिसहार्टन्ड द फार्मर्स.' त्याचं 'दुष्काळाने शेतकऱ्यांना नाउमेद केले' हे व्याकरणात बसतं, पण कृत्रिम वाटतं. गावातला माणूस म्हणेल, 'दुष्काळानं शेतकरी खचला'. किंवा, 'यंदाही पाऊस गेला आणि लोकांचा धीर सुटला.' डिसहार्टन दिसलं की मी आधी इंग्रजी वाक्य उलटं करून घेते: कुणाचं काय खचलं, हे शोधते, त्याला कर्ता करते, आणि कारण 'नं' लावून किंवा आधीच्या वाक्यात टाकून मोकळी होते. ही एक सवय लागली, तर या कुळातल्या निम्म्या शब्दांचं भाषांतर सोपं होतं.

एका शब्दापासून मात्र सावध राहा: खच्चीकरण. 'कार्यकर्त्यांचे खच्चीकरण' वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं की ते 'खचणे'वरून आलं. तसं नाही. तो शब्द गोठ्यातला आहे. बैल खच्ची करतात, तो हा खच्ची. त्यात कुणीतरी मुद्दाम, हत्यार घेऊन दुसऱ्याचा जोर काढून टाकतो असं चित्र आहे. डिसहार्टनमध्ये मुद्दाम करणारा कुणी असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. निकाल, पाऊस, लांबलेलं आजारपण, उत्तर न आलेलं पत्र, यांना आपण खच्चीकरण करणारे म्हणू शकत नाही. वरिष्ठानं हाताखालच्याला ठरवून दडपलं, तर म्हणा.

गंमत म्हणजे ही दोन्ही चित्रं गीतेच्या एकाच श्लोकात शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्या अध्यायातला तिसरा श्लोक: 'क्लैब्यं मा स्म गमः पार्थ नैतत्त्वय्युपपद्यते । क्षुद्रं हृदयदौर्बल्यं त्यक्त्वोत्तिष्ठ परंतप ॥' पहिल्या अर्ध्यात 'क्लैब्य', क्लीब म्हणजे नपुंसक, तेच गोठ्यातलं चित्र. दुसऱ्या अर्ध्यात 'हृदयदौर्बल्य', हृदयाचा दुबळेपणा, म्हणजे डिसहार्टनच्या पोटातलं चित्र. धनुष्य टाकून रथात बसलेल्या अर्जुनाला डिसहार्टन्ड म्हणालात, तर मी पूर्ण गुण देईन. तिथे हृदय या शब्दाचा अर्थ धैर्याकडे झुकतो, इंग्रजी हार्टसारखाच. पुढे मराठी बोलण्यात हृदय भावनेकडे गेलं आणि धैर्य छातीत आणि काळजात राहायला गेलं. 'एवढी छाती आहे का त्याची?' म्हणतो ना आपण, 'वाघाचं काळीज' म्हणतो. म्हणूनच हार्टचं हृदय केलं की आज वाक्य ढासळतं.

शेजारचे काही शब्द थोडक्यात. डिटरमध्ये 'टेरर'चं मूळ आहे, भीती दाखवून रोखणं; शिक्षेची जरब म्हणजे डिटरन्स. डिस्वेडमध्ये समजूत घालून वळवणं आहे, आणि त्याच्या मुळाचं आपल्या 'स्वादु'शी नातं आहे. पर्स्वेड करणारा गोष्ट गोड करून सांगतो, डिस्वेड करणारा त्याच गोडीनं दुसरीकडे वळवतो. डॉन्टचं मूळ माणसाळवणं, आपल्या 'दमन'चं चुलत भावंड; म्हणून अनडॉन्टेड म्हणजे दबला न गेलेला. डिमॉरलाइझ फ्रेंचमधून अठराव्या शतकाच्या अखेरीस आला, तेव्हा त्याचा अर्थ नीती बिघडवणं असा होता, मनोधैर्य खच्ची करणं हा अर्थ नंतरचा. आज संपूर्ण गटाचं मनोधैर्य मोडलं असेल, तर हा शब्द डिसहार्टनपेक्षा जड आणि योग्य.

रूपांची एकच चूक मी वारंवार बघते: 'आय अ‍ॅम डिसहार्टनिंग'. याचा अर्थ 'मी लोकांचा धीर घालवणारी आहे' असा होतो. बातमी, निकाल, अनुभव हे डिसहार्टनिंग. माणूस डिसहार्टन्ड. मुलाखतीत ही चूक झाली तर फार वाईट वाटतं, कारण सांगायचं असतं आपलं दुःख आणि ऐकू जातो आपला दोष.

आता तुमचं वाक्य. निकालानंतर तुम्ही पुन्हा अर्ज केलाच नसेल, तर लिहा: 'द रिझल्ट डिसकरेज्ड मी फ्रॉम अप्लाइंग अगेन.' पण तुम्ही तयारी करताय असं प्रश्नातच लिहिलंय, त्या अर्थी अर्ज केला असणार. तर मग: 'द रिझल्ट डिसहार्टन्ड मी, बट आय अप्लाइड अगेन.' हे वाक्य सरांना दाखवा.